हात आईचे, तोंड काकूंचं

‘ती भाकरी ऱ्हाऊ दे बाजूला. काकूंनी खायची घरनं आणलीया.’

चॅनेलचा मालक, दादा, असं म्हणाला. माझ्या आईच्या हातातलं ताट तिच्या हातातच राहिलं.

कागलच्या पुढं दादाच्या घरच्यांचं शेतघर आहे. आंब्याच्या झाडाखाली खास व्हिडिओसाठी बांधलेली चूल. नवी चूल जुनी दिसावी म्हणून तिला काजळी फासलेली. दोन कॅमेरे, एक मोठा लाइट, आणि चुलीपुढं माझी आई. ज्वारीची भाकरी टम्म फुगलेली. मधे तपकिरी चट्टा. वाफ निघत होती. ठरलं असं होतं, की ही भाकरी ताटात घ्यायची, काकूंच्या पुढं ठेवायची आणि काकूंनी कॅमेऱ्यात बघत पहिला घास खायचा.

डब्यातनं दुसरी भाकरी निघाली. गार. सपाट. चट्टा नाही, काही नाही.

आईनं विचारलं, ‘माझी करपली व्हय?’

कॅमेरावाला कॅमेऱ्यात बघत राहिला. काकू पदर सारखा करायला लागल्या. दादा हसला.

‘तसं न्हाय वो मावशी. कंटिन्युटीसाठी करावं लागतंय.’

कंटिन्युटी. हा शब्द त्यानंच मला शिकवलेला. एका शॉटात जी वस्तू दिसली, ती पुढच्या शॉटात तशीच दिसायला पाहिजे. तव्यावर जी भाकरी, तीच ताटात. मग कंटिन्युटीसाठी आईचीच भाकरी ताटात जायला पाहिजे होती की. तो उलटं सांगत होता. मला कळत होतं. त्यालाही कळत होतं, की मला कळतंय. तरी तो हसत होता.

काकूंनी घरची भाकरी मोडली. ‘अहाहा’ म्हणाल्या. कॅमेरा बंद झाला. त्यांच्या गड्यानं आईच्या सगळ्या भाकऱ्या एका पेपरात गोळा केल्या आणि गोठ्यामागं कुत्र्यापुढं टाकल्या. आई बघत होती. मी आईकडं बघत होते.

आम्ही कोडोलीचे. बौद्ध. आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला, जुना देव्हारा सोडला, जुनी कामं सोडली. आई दुसऱ्यांच्या शेतात तण भांगलायला जाऊन मला शिकवत राहिली. बी.ए. झाले. मोबाइलवर व्हिडिओ कापायला-जोडायला आपलं आपणच शिकले. मग कोल्हापुरात राजारामपुरीत दादाच्या ऑफिसात नोकरी लागली. ऊस, ट्रॅक्टर, गावात वजन, असं त्याचं घर. सगळे त्याला दादा म्हणायचे. मीही म्हणायची. तेव्हा अहो-जाहो करायची. आता करत नाही.

खोटं कशाला बोलू, माणूस हुशार. गावाकडच्या जेवणाचं त्याचं चॅनेल लाखो लोक बघतात. त्यानं मला कला शिकवली. ‘गोष्ट शेवटाकडनं सुरू कर,’ म्हणायचा. ‘फुगलेली भाकरी आधी दाखव, पीठ मागनं. पहिल्या तीन सेकंदांत माणूस धरायचा, न्हायतर गेला.’ चित्राच्या आधी आवाज सोडायला शिकवलं. काळ्या पडद्यावर नुसता भाकरी थापल्याचा आवाज आला, की बघणाऱ्याचा अंगठा थांबतो. कुठं थांबायचं, कुठं कापायचं, चेहरा किती वेळ ठेवायचा. मला ते आलं. पटकन आलं. व्हिडिओ चालला की तो सगळ्यांपुढं म्हणायचा, ‘ही पोरगी म्हंजे माझा उजवा हात.’

चॅनेलचं तोंड म्हणजे काकू. त्याच्या नात्यातल्या. नऊवारी, ठसठशीत कुंकू, गोड बोलणं. फक्त एक अडचण होती. काकूंना भाकरी थापता येत नव्हती. घरी सगळ्या कामाला बाया. थापायला घेतली की काठ फाटायचे.

तेव्हा दादा मला म्हणाला, ‘तुझी आई करत्या की भाकरी. हात तेवढं लागणार. तोंड काय यायचं न्हाय.’

घरी जाऊन मी आईला तसंच सांगितलं. आई म्हणाली, ‘हात तेवढं? मग बाकीची मी कुठं ठिवू?’

मग जरा वेळानं म्हणाली, ‘जातो की. बघतो तरी.’ आमच्याकडं बाया असंच म्हणतात, जातो, येतो, करतो.

शेतघरावर आईला काकूंच्या लुगड्याच्या रंगाचं लुगडं दिलं. हातात हिरव्या बांगड्या भरल्या. काकूंच्या हातात होत्या तशाच. पण त्याच नव्हेत. तशाच दुसऱ्या आणल्या होत्या. हे मला त्या वेळी दिसलं, पण त्याचा अर्थ भाकरी बदलल्यावर लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात सगळं चित्रण माझ्या पुढ्यात आलं. स्क्रीनवर एका खिडकीत आईचे हात. दुसऱ्या खिडकीत काकूंचं तोंड. मधे मी. दादा माझ्या खुर्चीमागं उभा राहिला.

‘तव्यावरची भाकरी आणि ताटातली भाकरी येगळी दिसत्या,’ तो म्हणाला. ‘मधी कांदा फोडायचा शॉट टाक. कुणाच्या बाला कळत न्हाय.’

खरं होतं. दोन चित्रांच्या मधे तिसरं चित्र घातलं, की डोळा मागचं विसरतो. आमचा धंदाच त्यावर चालतो. कांद्यावर एक बुक्की, आणि माझी आई पुसली जाणार. पुसणार कोण? मी.

मी माऊसवरचा हात काढला.

‘हा कट मी करणार न्हाय.’

‘का? काय झालं?’

‘भाकरी का बदलली ते आधी सांगा.’

‘परत तेच? सांगितलं न्हवं, कंटिन्युटी...’

‘कंटिन्युटी मला येत्या. तिच्यात जात कुठं बसत्या ते सांगा.’

ऑफिसातल्या पोरांचे कीबोर्ड थांबले. दादाचं तोंड लाल झालं.

‘हितं जातीचं काढू नकोस. मी असलं मानत न्हाय. मानत असतो तर तुझ्या आईला चुलीपाशी बसवली असती व्हय?’

‘चुलीपाशी बसवली. ताट तिच्या हातातनं घेतलं न्हाय.’

‘अगं, काकू जुन्या वळणाच्या. त्यास्नी चालत न्हाय. मी काय करू?’

आलं तोंडातनं. इतकं साधं होतं ते. त्यासाठी बांगड्या दुसऱ्या आणल्या, इंग्रजी शब्द वापरला.

मी म्हटलं, ‘मग व्हिडिओत तसं लिवा. हिचे हात चालत्यात, हिच्या हातचं चालत न्हाय.’

‘लई डोक्यावर बसवून ठेवलंय तुम्हांला.’

तुम्हांला. आत्तापर्यंत मी तू होते. पोरगी होते. उजवा हात होते. एका वाक्यात मी तुम्ही झाले. मानाचं तुम्ही नव्हे. ‘तुम्ही लोकं’ मधलं तुम्ही.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. पिशवी उचलली. कुणी अडवलं नाही. एसटी स्टँडवर जाईपर्यंत मी रागानं रस्त्यात एकटीच मोठ्यानं बोलत होते. लोक बघत होते. बघू देत.

कांद्याचा शॉट दुसऱ्या कुणीतरी टाकला. व्हिडिओ धावला. खाली लोकांनी लिहिलं, काकूंच्या हातात जादू आहे. काकू, तुमच्या हातची भाकरी एकदा खायची आहे.

मी आईला तो व्हिडिओ दाखवला. तिनं फोन डोळ्यांजवळ धरला.

‘हात माझं हाईत की,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘मला तवाच कळलं हुतं.’

‘मग करपली का म्हणून कशाला इचारलंस?’

‘त्याच्या तोंडातनं काय निघतंय बघायचं हुतं. तू ऐकावंस म्हणून इचारलं.’

मी रडले. ती रडली नाही. म्हणाली, ‘आता रडून झालं असंल तर कायतर कर.’

मी केलं. आमच्याच घरात, आमच्याच चुलीपुढं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, ती काढली नाही. दादानं शिकवलेलं सगळं आठवत होतं. त्यातलं काही ठेवलं, काही मोडलं. आधी आवाज ठेवला, थापल्याचा. पण मग हात दाखवले नाहीत. सरळ आईचं तोंड. घामानं भिजलेलं, चुलीच्या जाळानं उजळलेलं. संगीत नाही. काकूंसारखं गोड बोलणं नाही. आईनं शेतघरावरचं सगळं सांगितलं, नाव न घेता. शेवटी फुगलेली भाकरी कॅमेऱ्यापुढं धरली आणि म्हणाली, ‘ही मी केलीया. खानार का, सांगा.’

इथं कापायचं असतं. दादा असता तर ओरडला असता, काप, काप, माणूस पळतोय. मी कापलं नाही. आई हात पुढं करून बघत राहिली. वाफ विरली. तरी मी शॉट चालू ठेवला. ज्याला अंगठा सरकवायचा आहे त्यानं सरकवावा. पण आपण काय सरकवतोय, हे त्याला सरकवताना कळलं पाहिजे.

व्हिडिओ टाकला. लोकांनी शिव्या घातल्या. आईच्या तोंडावरून घातल्या, रंगावरून घातल्या, जातीवरून तर घातल्याच. काहींनी लिहिलं, आम्ही खाणार. थोड्यांनीच.

दादाचा फोन आला. ‘काढ ते.’

‘तुझं नाव कुठं घेतलंय?’

‘नाव न घेता कळतंय लोकांना.’

‘कळावं म्हणूनच केलंय.’

त्यानंतर, नोकरी सोडल्यापासनं मला लग्नाचे व्हिडिओ कापायला देणारे कोल्हापुरातले दोघं-तिघं फोन उचलेनासे झाले. आई ज्यांच्या शेतात जायची, त्यांनी निरोप धाडला, उद्यापासनं येऊ नको. कारण सांगितलं नाही. आई दुसऱ्या गावात कामाला जाते, लांब चालत. व्हिडिओ काढून टाक, असं ती एकदाही म्हणाली नाही.

परवा एका हॉटेलवाल्याचा फोन आला. त्याला तांबड्या रश्श्याचा व्हिडिओ पाहिजे होता.

‘काम चांगलं करताय म्हणं तुम्ही. फकस्त ते जातीबितीचं नको हां.’

मी विचारलं, ‘रस्सा कोण करतंय?’

‘हाय की आत एक बाई.’

‘नाव काय तिचं?’

‘नाव... मावशीच म्हणतो आमी.’

‘तिचं नाव येणार, तोंड येणार. ती नको म्हणाली तर न्हाय येणार. तुम्ही नको म्हणालात तर येणार.’

‘बघतो,’ म्हणाला. परत फोन केला नाही.

न करू दे. उद्या मी त्या हॉटेलात जाणार आहे. गिऱ्हाईक म्हणून बसून जेवणार आहे. हात धुवून सरळ आत, भटारखान्यात जाणार आहे आणि त्या बाईला तिचं नाव विचारणार आहे. तिची तयारी असेल तर कॅमेरा तिथंच सुरू करणार आहे. मालकाला विचारणार नाही.