हाजींच्या आईची ओळ

दर महिन्याला मी कन्फेशनला जाते. नवऱ्यावर ओरडले, सासूबद्दल वाईट बोलले — सगळं सांगते. हे एक मात्र फादरांनाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही.

मी वसईची. मुंबईत एका छापखान्यात बाइंडिंग शिकले आणि नव्वदच्या दशकात मस्कतला आले. तिथल्या कुरुम भागात एक लहानसं खाजगी संग्रहालय होतं, तिथं जुनी हस्तलिखितं दुरुस्त करायचं काम मिळालं. प्रमुख बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं — शिवण उसवली तर शिव, पान फाटलं तर सांध, पण मूळ कागद कापायचा नाही. मला कळलं नव्हतं असं नाही. नीट कळलं होतं.

एके दिवशी एक म्हातारे ओमानी गृहस्थ आले. सगळे त्यांना हाजी म्हणत. तरुणपणी मुंबई बंदरात राहिलेले, त्यामुळे हिंदी चांगलं. वडिलांनी हातानं लिहिलेलं झाडपाल्याच्या औषधांचं पुस्तक त्यांनी संग्रहालयाला दिलं. देताना एक पान उघडलं. अगदी काठाशी एक बारीक ओळ होती — हाजी जन्मले त्या दिवशी त्यांच्या आईनं लिहिलेली. ती लवकर गेली. फोटो नाही, काही नाही. 'ये मेरी अम्मी है, बेटी,' ते म्हणाले.

आणि मी काय केलं?

प्रदर्शन जवळ आलं होतं. बाई रजेवर होत्या. पुस्तक मी सुरेख शिवलं, पण कडा वेड्यावाकड्या — छापखान्यात असलं पुस्तक कुणी हातात धरलं नसतं. मला वाटलं, बाईंनी परत आल्यावर बघतच राहावं. थोडंसंच कापू, कुणाला कळणार? कटिंग मशीनचा दांडा मी खाली ओढला. कागदाच्या पट्ट्या खाली पडल्या, आणि एका पट्टीवर — शाई होती.

तेव्हाही ती पट्टी जपून ठेवता आली असती. चिकटवता आली असती. मी सगळ्या पट्ट्या गोळा केल्या आणि कचऱ्यात टाकल्या, वर चहाच्या पिशव्या टाकल्या. नोंदवहीत लिहिलं — पुस्तक आलं तेव्हाच कडा कसरीने खाल्लेल्या, म्हणून सरळ कराव्या लागल्या. बाईंनी विश्वास ठेवला. शाबासकीसुद्धा दिली.

काही महिन्यांनी हाजी आले. मोतीबिंदूनं जवळजवळ आंधळे झालेले. 'अम्मी का लिखा किधर है? मेरी उंगली रख दो.' मी — कसं सांगू? मी त्यांचं बोट धरलं आणि त्या पानाच्या कोऱ्या काठावर ठेवलं. तिथं काही नव्हतं. त्यांनी ती जागा हळूच चाचपली, मग बोटाचं चुंबन घेतलं. मी बघत उभी राहिले.

इथं संपलं असतं तर? पण पुढच्या वर्षी ते नातीला घेऊन आले. ती कॉलेजात शिकत होती, पणजीची ओळ तिला वहीत उतरवून घ्यायची होती. तिनं पानं उलटली, पुन्हा उलटली. 'जद्दी, आजोबा, इथं काहीच नाही,' असं काहीतरी ती अरबीत म्हणाली. हाजींनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

मी म्हटलं, 'कीड़ा लगा था, हाजी. किताब आई, तब से ही.'

'फिर उस दिन?'

'आपको दुख न हो, इसलिए.'

पाहिलंत? खोट्याला मी दयेचा सदरा चढवला. माझा आवाज जरासा कापलादेखील नाही.

मुलीनं वही मिटली. मग हाजी म्हणाले, पुस्तकाची पेटी त्यांच्याच खोलीत असायची, हवा दाखवायला हवी होती, त्यांनीच हयगय केली. 'माफ करना बेटी. तुमको खराब किताब दिया.'

आणि मी म्हटलं, 'कोई बात नहीं, हाजी.'

मी त्यांना माफ केलं. मी.