वरच्या खोलीतली जाहिरातवाली

दुपारचा एक वाजून गेला होता. चाळीस भाकऱ्या टोपलीत तशाच आणि बाकांवर एक माणूस नाही. वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी जाहिरातवाली जिना उतरून आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू, चुकलं माझं."

बेंगळुरातल्या यशवंतपूरची माझी खानावळ तेव्हा बसायला आली होती. लोक फोनवरून जेवण मागवू लागले होते. मुलगा हुबळीहून बजावायचा, "गणपतीपर्यंत बघ. नाही तर कुलूप लाव आणि इकडे ये." सुनेच्या स्वयंपाकघरात मला जायचं नव्हतं.

जाहिरातवाली नागपूरची. बेळ्ळंदूरच्या कुठल्याशा कंपनीसाठी खोलीत बसून फोनवरच्या जाहिराती करायची. सगळी गल्ली मला अक्का म्हणते, ही काकू. जेवताना फोन तांब्याला टेकवायची आणि माझ्या ठेच्याला फिक्का म्हणायची. खानावळीची जाहिरात तिनंच हौसेनं फोनवर टाकली होती.

"इम्प्रेशनच नाही काकू. म्हणजे जाहिरात कोणाला दिसूनच नाही राहिली."

"रस्त्यावरनं जाताना पाटी दिसते, तसं?"

"तसंच. मग क्लिक, म्हणजे पायरी चढून डोकावला तो."

"आणि जेवायला बसला तर?"

"कन्व्हर्जन."

"मी त्याला गिऱ्हाईक म्हणते."

आजही कुणी डोकावून परत फिरलं की माझ्या तोंडून 'गेलं क्लिक' निघतं.

कुणाला दाखवतेस म्हटलं, तर मराठी लोकांनाच दिसावी म्हणून तिनं फोनची भाषा मराठी असलेलेच लोक निवडले होते.

"तुझा फोन कुठल्या भाषेत आहे?" मी विचारलं.

"इंग्रजीत."

"माझा कन्नडमध्ये. बेंगळुरात मराठीत फोन ठेवतंय कोण?"

"अरे बाप्पा!" म्हणून ती पायरीवरच बसली आणि तिथंच जाहिरात बदलली. भाषा कुठलीही, माणूस मात्र जवळपासचा. आठवड्याभरात बाक भरू लागले. कानडी, तेलुगू, मधूनच एखादा सोलापूरचा.

गणपतीत मुलगा आला. त्यानं गर्दी पाहिली, कुलपाचं नाव काढलं नाही.

दिवाळीच्या आधी तिच्या कंपनीनं माणसं कमी केली. तिचं काम आता यंत्र करतं म्हणे. ती बॅगा रिक्षात ठेवत असताना मी म्हटलं, "दोन दिवस थांब." म्हणाली, "थांबून काय करू काकू? तुमचं चालून राहिलं न, झालं."

ती नागपूरला गेली. खानावळ वाचली, तिची नोकरी वाचली नाही.