कातिमिरीने नात करून घेतली

कातिमिरी आपल्या बाबईच्या खड्ड्यात उतरली की आधी चारी बाजूंना बघते. कुणी येताना दिसलं तर हातातली पानं लपवते आणि दमल्याचं सोंग करून बसते. एकदा तर ती चक्क पानांवरच बसली होती. बासष्ट वर्षांची बाई!

पण या बेटावर त्याला कुणी हसत नाही. बाबई म्हणजे अळूचं थोरलं भावंड, खड्ड्यात वाढणारं, माणसाहून उंच. त्याच्या बुंध्याभोवती टोपली विणून तिच्यात कोणती पानं, किती सुकवून, कोणत्या क्रमाने घालायची, हे ज्याच्या त्याच्या घरातलं गुपित. परक्याला ते मरेपर्यंत सांगायचं नाही.

यंदा मोठ्या भरतीचं पाणी खड्ड्यांत शिरलं आणि गावभर पानं पिवळी पडली. माझी लेक किमियाता नुकतीच शेतीखात्यात लागलेली. तिच्यावर काम आलं, की गावाकडून पानांचा उंच थर रचून घेऊन एक खड्डा जगवायचा. जगला, तर खारं पाणी सोसणारी साठ रोपं गावाला. नाहीतर बोट ती पलीकडच्या बेटावर नेणार.

सहा वर्षं मी इथल्या शाळेत शिकवतेय, तरी आम्ही मायलेकी दुसऱ्या बेटावरच्याच. किमियाता वही घेऊन घरोघर फिरली. सगळ्यांनी प्रेमाने बसवून घेतलं, नारळपाणी पाजलं, आणि सगळे खोटं बोलले. गावातला म्हातारा इओतेबा म्हणाला, माशांची डोकी घाल. पोरीने घातली! दहा दिवसांत रोपं कुजली आणि खड्ड्याभोवती तेरा मांजरं मुक्कामाला आली.

पोरीने जेवण टाकलं. शेवटी ती मानेआबात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या मोठ्या छपराखाली, उभी राहिली. "बोट यायला एकवीस दिवस आहेत. पुन्हा लावू या. पण या वेळी खरं सांगा."

"खरंच सांगितलं होतं, बाळ," इओतेबा म्हणाला. "तुझ्या हातालाच गुण नाही."

"गप रे!" कातिमिरी कडाडली. "मांजरांची जत्रा भरवलीस ती भरवलीस, वर पोरीला बोलतोस?"

"मग तू सांग की तुझं!"

"परक्या पोरीला? छे!"

असं म्हणून तिने पोरीकडे एकदा नीट पाहिलं. मग उठली आणि थेट माझ्यासमोर येऊन बसली.

"बाई, तुमची मुलगी मला द्या."

मी किमियाताचा हातच धरला. "कुठे नेणार तिला?"

"कुठे नेते म्हातारी! नात म्हणून द्या. नातीला सांगायला मला कोण अडवतंय?"

मानेआबा हसण्याने हलला. पण ही थट्टा नव्हती. नात केली की जमिनीतसुद्धा वाटा येतो. मी हो म्हटलं. "पण ती उन्हात टोपी घालूनच काम करेल," एवढं मात्र बजावलं.

कातिमिरीने इथल्या रीतीप्रमाणे किमियाताच्या केसांना खोबरेल चोपडलं, मानेवर पावडर उडवली आणि कानात बराच वेळ कुजबुजली. इओतेबाची मान बगळ्यासारखी लांब झाली. गावाचा खड्डा एकट्या कातिमिरीच्या पानांवर जगला, तर ती जन्मभर मिरवणार, हे त्याच्या ध्यानात आलं.

"थांबा! मलाही नात हवी!"

मग काय विचारता! दुपारपर्यंत माझ्या लेकीला अकरा आजी-आजोबा झाले. केसांतून तेल ठिबकतंय, तोंड पावडरीने पांढरंफटक, आणि ती नुसती हसतेय. अकरा घरची पानं खड्ड्यातल्या नव्या रोपांभोवती एकावर एक रचली गेली. थर इतका उंच झाला, की मुळांपर्यंत खारं पाणी पोचेना.

विसाव्या दिवशी रोपांनी नव्या पानाची हिरवीगार सुरळी काढली. कातिमिरी खड्ड्याच्या काठावर नाचली आणि इओतेबालाही ओढून नाचवलं.

बोटीतून किमियाताचे साहेब उतरले. खड्डा बघून त्यांनी साठ रोपं उतरवायला सांगितली आणि खिशातून पेन काढलं. "वा! काय काय घातलंस ते सांग. बाकीच्या बेटांनाही कळवू."

किमियाता घुटमळली. "साहेब, ते... घरातलं आहे."

कातिमिरीने साहेबांना आपादमस्तक न्याहाळलं. पोट, टक्कल, चकचकीत बूट.

"जरा थोराड आहे," ती इओतेबाला म्हणाली, "पण नातू म्हणून चालेल."