संगमरवरी बाळाची उचकी

खरं सांगायचं तर असले अनुभव मी चुका काढायला वाचते. कुणाला रिकाम्या घरात पावलं ऐकू आली, की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो... एसी चालू होता का? पाइपमध्ये हवा होती का? भुतंखेतं, संकेत, साक्षात्कार... कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. आणि यात माझ्या नोकरीचाही दोष आहे. टेक्सासमध्ये, प्लेनोला, एका टेलिकॉम कंपनीच्या लॅबमध्ये मी फोनचा आवाज तपासायचं काम करते. म्हणजे समोरच्याचं बोलणं नीट ऐकू जातं का, खरखर कुठून येते, हे शोधणं. माझ्या लेखी आवाज म्हणजे हवेची थरथर. थरथर असेल तर माइकला कळते. माइकला कळली नाही तर आवाज नव्हता. विषय संपला!

आता जे लिहितेय ते याच मतावर ठाम असलेल्या बाईचं लिहिणं आहे, एवढं लक्षात ठेवा.

२००५ चा ऑक्टोबर. माझे वडील, अण्णा, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. अण्णा इचलकरंजीचे. पस्तीस वर्षं त्यांनी जॉबर म्हणून काम केलं, म्हणजे यंत्रमाग बिघडला की दुरुस्त करायचा. मागांच्या त्या खडखडाटात आयुष्य गेलं आणि जाता जाता कान घेऊन गेलं. डावा कान जवळजवळ बंद. उजव्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन मोठ्यानं बोललं तर कळायचं. मी इथून पाठवलेलं कानाचं मशीन त्यांनी आठ दिवस घातलं आणि डबीत ठेवून दिलं. "सगळं एकदमच ओरडतंय त्याच्यात," म्हणाले.

आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. ती होती तोवर तीच त्यांचा कान होती. शेजारी काय म्हणाले, टीव्हीवर काय चाललंय, सगळं ती त्यांना हातवारे करून सांगायची. ती गेल्यावर अण्णा गप्पच झाले. मला वाटलं होतं, इथे चार वर्षांची नात आहे, तिच्यात रमतील. पण झालं उलटंच. सई बारीक आवाजात, भरभर, ते पण इंग्लिशमध्ये बोलायची. अण्णांना काही म्हणजे काही कळायचं नाही. ती स्वतः काढलेलं चित्र घेऊन त्यांच्यामागे उभी राहून हाका मारायची आणि ते खिडकीतून बाहेर बघत बसलेले असायचे. एक दिवस ती मला म्हणाली, "आजोबा डझन्ट लाइक मी." अगदी शांतपणे म्हणाली. हवामान सांगावं तसं.

त्याच आठवड्यात अण्णांनी माझ्या नवऱ्याला, संदीपला, परतीचं तिकीट अलीकडचं करून द्यायला सांगितलं. येऊन सहा आठवडेही झाले नव्हते.

तो रविवार होता. संदीप कामासाठी बाहेरगावी गेला होता. घरात बसून तिघांनी तीन दिशांना बघण्यापेक्षा म्हटलं, अण्णांना ट्रेनमधून फिरवून आणू. इथे सगळे गाडीनंच जातात, पण प्लेनोहून डॅलसच्या डाउनटाऊनला एक लाइट रेल जाते. तिनं गेलो. उतरलो तर ऊन अगदी भाजून काढणारं... ऑक्टोबरमध्येसुद्धा! समोर एक म्युझियम दिसलं. बाहेर पाटी होती, आज मुलांसाठी चित्रांचा वर्ग. सावली, एसी आणि सईची सोय, तिन्ही एकदम. शिल्पकलेचं मला काही कळतं म्हणून आत गेले नव्हते.

सईला त्या वर्गात बसवलं. एक तासाचा होता. मी आणि अण्णा वरच्या मजल्यावर गेलो. तिथे इटलीतून काही महिन्यांसाठी आणलेल्या जुन्या शिल्पांचं प्रदर्शन होतं. शेवटच्या छोट्या खोलीत एकच शिल्प होतं. पांढराशुभ्र संगमरवर, साधारण माझ्या कमरेइतका उंच. मरियम आणि बाळ येशू. पाचशेहून जास्त वर्षांपूर्वीचं, फ्लॉरेन्सकडचं, घडवणाऱ्याचं नाव माहीत नाही, असं पाटीवर लिहिलं होतं.

मी पाटी वाचत होते. अण्णा मागे हात बांधून शिल्पापुढे उभे होते. एकदम त्यांनी उजव्या कानामागे पंजा धरला.

"कोण हसतंय गं?"

खोलीत आम्ही दोघं आणि दाराशी एक गार्ड बाई. बाकी कुणी नव्हतं. मी मान हलवून 'कुणी नाही' म्हटलं.

"अगं, बाळ हसतंय की कुणाचं तरी. सहा-सात महिन्यांचं असंल."

त्यांनी वळून दाराकडे पाहिलं, बाळाची ढकलगाडी कुठे दिसते का म्हणून. मग पुन्हा शिल्पाकडे पाहिलं... आणि तिथेच थांबले.

तोवर मी शिल्प नीट पाहिलंच नव्हतं. त्या बाळाचं तोंड उघडं होतं, खालच्या हिरडीवर दोनच दात, गाल वर चढून डोळे बारीक झालेले. एका मुठीत आईचा पदर, आणि एक पाय हवेत झाडलेला. पोटावरची ती वळी... दगड आहे हे डोळ्यांना पटतच नव्हतं. आणि आई मात्र हसत नव्हती. ती बाळाकडे बघतही नव्हती. कुठेतरी लांब बघत होती.

आणि अण्णा हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आई गेल्यानंतर मी त्यांचं हसू ऐकलं नव्हतं, आणि इतकं मोठं तर ती असतानाही नाही. मी घाबरले. गार्ड बाई जवळ आली. ग्लोरिया तिचं नाव, केस पिकलेले, टेक्सासचं संथ बोलणं. मला वाटलं, ओरडणार. ती म्हणाली, "लेट हिम, हनी." आणि एक खुर्ची आणून दिली.

हसू ओसरल्यावर अण्णांनी विचारलं, "कुणाचं पोर हे?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, येशू आणि त्याची आई.

"म्हणजे पुढं क्रुसावर चढवलं, ते हेच पोर?"

"हो अण्णा."

ते बराच वेळ आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. "तिला ठावं आहे," म्हणाले. "तिला सगळं ठावं आहे, आणि तरी त्याला हसू देतीय बघ."

बाहेरच्या बाकावर त्यांना बसवलं आणि सईला आणायला खाली गेले. म्हातारपण, एकटेपण, मनाचे खेळ... मी मनात कारणं जुळवत होते. वर्गातून बाहेर आल्यावर सई म्हणाली, "आय वॉन्ट टु सी व्हॉट्स अपस्टेअर्स." अण्णा बाकावर डोळे मिटून बसले होते. मी तिला एकटीला आत नेलं. काही सांगितलं नाही. एक अक्षर नाही. हे मी शपथेवर सांगते.

ती शिल्पापुढे उभी राहिली आणि खुदकन हसली.

"मम्मा, व्हाय इज ही लाफिंग सो मच?"

"अगं, त्याला तसंच बनवलंय. हसताना."

"नो, आय मीन द साउंड." मग तिनं तोंडावर हात दाबला आणि जोरात हसत म्हणाली, "नाउ ही हॅज हिकप्स!"

मी कान टवकारले. एसीची घरघर, ग्लोरियाच्या बुटांची करकर. बस्स.

परतीच्या ट्रेनमध्ये सई माझ्या मांडीवर झोपली. मी अण्णांच्या कानाशी तोंड नेऊन अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाळ कसं हसत होतं?"

"खळखळून. आणि हसता हसता उचकी लागली त्याला," अण्णा म्हणाले. "उचकी लागली तरी थांबंना गडी. म्हणून तर मला आवरलं नाही."

सईनं त्यांना काही सांगितलं असणं शक्य नव्हतं. ती बोललेलं त्यांना ऐकूच येत नव्हतं!

मी त्या आठवड्यात दोन गोष्टी केल्या. पहिली, अण्णांना कानांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासणी केली, आलेख दाखवला. मागांच्या आवाजानं सगळ्यात आधी बारीक, उंच आवाज जातात. अण्णांचे ते पूर्ण गेले होते. म्हणजे लहान बाळाचं हसणं हा नेमका तो आवाज, जो त्यांना ऐकू येणं सगळ्यात अवघड. डॉक्टरबाई म्हणाल्या, "कान गेले की मेंदू कधीकधी स्वतःच आवाज तयार करतो. घाबरू नका." मी विचारलं, चार वर्षांच्या निरोगी मुलीचा मेंदू पण? तोच आवाज? उचकीसकट? त्या हसल्या आणि म्हणाल्या, मुलांची कल्पनाशक्ती दांडगी असते.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढच्या रविवारी लॅबमधला चांगला माइक आणि रेकॉर्डर पर्समध्ये घालून मी पुन्हा तिथे गेले. अण्णा, सई आणि संदीप बरोबर होते. ग्लोरियाला खरं सांगितलं. तिनं भुवया उंचावल्या, वरिष्ठांना विचारून आली आणि म्हणाली, शिल्पाला हात लावायचा नाही, बाकी काही हरकत नाही.

रेकॉर्डर चालू करून मी एक परीक्षा घेतली. अण्णांना शिल्पापुढे उभं केलं. आवाज आला की मागे बांधलेल्या हाताचं बोट वर करायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही आणि हसायचं तर मुळीच नाही. सईला मी त्यांच्या पाठीमागे, ग्लोरियानं दिलेल्या खुर्चीत बसून मांडीत घेतलं, भिंतीकडे तोंड करून. तिला खेळ सांगितला, बाळ हसलं की माझा हात दाबायचा. ती अण्णांना बघू शकत नव्हती, अण्णा तिला नाही. दोघांनाही बघत होते फक्त मी.

दहा मिनिटं काहीच नाही. मला हायसं वाटलं... आणि थोडं वाईटही.

मग सईनं माझा हात दाबला. त्याच क्षणी अण्णांचं बोट वर गेलं.

अर्ध्या तासात तीनदा झालं. तिन्ही वेळा एकदम. तिसऱ्या वेळी दोघांनाही हसू दाबता येईना. अण्णांचे खांदे गदगदत होते आणि सईनं माझ्या कुशीत तोंड खुपसलं होतं. संदीप माझ्याकडे बघत होता. तो माझ्याहून नास्तिक. तो फक्त "काय यार..." एवढंच म्हणाला.

रेकॉर्डिंग मी घरी तीनदा ऐकलं, लॅबच्या कॉम्प्युटरवर त्याची रेघ न् रेघ पाहिली. एसी. पावलं. संदीपचं "काय यार". बाकी काही नाही. माझ्याच नियमानं बोलायचं तर आवाज नव्हता.

पण त्या दिवसापासून घरात मात्र आवाज सुरू झाला. म्युझियममधून येतानाच अण्णांनी सईचा हात धरला आणि तिला विचारलं, "तुलाबी ऐकू आलं?" तिला त्यांचा प्रश्न कळला! ती त्यांच्या उजव्या कानाला ओठ टेकवून ओरडली, "हो!" माझ्या मुलीनं आजोबांशी बोललेला पहिला मराठी शब्द. तेव्हापासून तिला जे काही सांगायचं असेल ते ती त्या कानात जाऊन सांगायची. त्यांना इंग्लिश कळेना म्हणून मग मोडकंतोडकं मराठी. "आजोबा, मला भूक आला." आणि ते म्हणायचे, "आली म्हण." तिकीट अलीकडचं करायचा विषय निघालाच नाही.

प्रदर्शन संपेपर्यंत आम्ही दर रविवारी गेलो. ग्लोरिया आमची वाट बघायची. एकदा मी तिला विचारलं, तुला कधी काही ऐकू आलं का? ती म्हणाली, "नाही. पण इतक्या वर्षांत मी कितीतरी खोल्यांत उभी राहिलेय. या खोलीची ड्यूटी मी मागून घेते. इथून लोक कसे बाहेर पडतात, ते बघायला आवडतं मला."

शेवटच्या रविवारी माझा धीर सुटला. त्या दोघांना मिळतंय आणि मला नाही, याचं मला चक्क वाईट वाटायला लागलं होतं. मी अण्णांच्या कानात ओरडले, "मला का नाही ऐकू येत?"

त्यांनी विचार केला. "डोळे मिट," म्हणाले.

मी मिटले. बराच वेळ उभी राहिले. कधी नव्हे ते मनापासून, काही सिद्ध करायचं नाही असं ठरवून ऐकलं.

"आलं?"

"नाही अण्णा."

"मग राहू दे. आम्ही सांगतो तुला. डोळे नको उघडू."

त्यांनी सईला उचलून घेतलं असावं, कारण माझ्या दोन्ही कानांशी एकदम श्वास लागले. एका कानात अण्णा, एका कानात सई. आणि दोघांनी मला त्या बाळाचं हसू करून दाखवलं. आधी बारीक खुदखुद, मग खळाळ, मग एक श्वास अडकल्यासारखा, मग उचकी, आणि उचकीवर पुन्हा हसू. सत्तरीतला बहिरा माणूस आणि चार वर्षांची पोर, न ठरवता, एकाच तालात. एकाची उचकी दुसऱ्याच्या उचकीवर नेमकी पडत होती.

मी डोळे उघडले तेव्हा समोर तो संगमरवर होता, आणि मी इतकी हसत होते की मला उभं राहवेना. मी तिथेच जमिनीवर बसले.

ते शिल्प परत इटलीला गेलं. अण्णा सहा महिने पुरे करून इचलकरंजीला गेले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा आले. सई आता सात वर्षांची आहे. तिला त्यातलं फारसं आठवत नाही, आणि मी खोदून विचारत नाही. मेंदूचे खेळ, योगायोग, माझ्याच परीक्षेत राहिलेली एखादी चूक... सगळं तपासून झालंय. तीन वर्षं झाली. पगार मला आवाज कुठून येतो हे शोधण्याचा मिळतो, आणि हा एक आवाज कुठून आला ते मला अजूनही सांगता येत नाही.