बिननावाची गाडी

"नाव सांग! गाडी कोणाची, त्याचो बापूस कोण, घर खंय, ता पयलां सांग! बिननावाच्या गाडयेत माझ्यो बियो चढूच्यो नाय!"

त्या आवाजाने पार्से गावातले कावळे जे उडाले, ते थेट मांद्र्याच्या समुद्रावर जाऊन बसले. माझ्या माहितीप्रमाणे अजून परत आलेले नाहीत. ओरडणारी बाई सत्तरीची, माझ्या खांद्यालाही न लागणारी. नाव सुलोचना, पण अर्धा पेडणे तालुका तिला सुलूमावशी म्हणतो आणि उरलेला अर्धा घाबरून काहीच म्हणत नाही. काजूबियांनी भरलेल्या पोत्यांच्या थप्पीवर ती पाय सोडून बसली होती. खाली अंगणात हातात व्हिजिटिंग कार्ड धरून मी उभा होतो आणि गाडीवाल्याचं नाव सांगत नव्हतो.

का सांगत नव्हतो, ते कळायला चार दिवस मागे, गडहिंग्लजच्या स्टँडवर यायला हवं.

गडहिंग्लजच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी सोळा वर्षं बुकिंग क्लार्क होतो. माल एकाचा, गाडी दुसऱ्याची, आणि दोघांच्या मधे फोन घेऊन बसतो तो दलाल. सोळा वर्षं हे काम मालकासाठी केलं, आता स्वतःसाठी करायचं ठरवलं. मी नोकरी सोडून निघताना मालकाने एकच गोष्ट बजावली, "पार्टीला गाडी दाखवायची, गाडीवाला दाखवायचा नाही. दोघांनी एकमेकांचा नंबर घेतला की तू संपलास." हे वाक्य मी गुरुमंत्रासारखं खिशात घालून निघालो. कार्डं छापली. वर 'ऑल इंडिया' असं एवढ्या मोठ्या अक्षरात टाकलं की माझ्या नावाला जागाच उरली नाही. म्हटलं, नावाचं काय मोठंसं, नंबर आहे ना.

गोवाच का? तर डिचोलीकडे खाणी थंडावल्यामुळे ट्रक दारात उभे आहेत आणि पेडण्याकडे हंगामात माल पडून राहतो, असं एका ड्रायव्हरने चहा पिताना सांगितलं होतं. तेवढ्यावर मी संसार पणाला लावला. बायको म्हणाली, "तिथं आपलं कोण आहे?" मी म्हणालो, "महिनाभरात अख्खा गोवा आपला असेल." तिने डबा दिला.

आंबोलीचा घाट उतरलो, सावंतवाडी, बांदा मागे पडलं, पत्रादेवीच्या नाक्यावरून बस गोव्यात शिरली आणि हवेला काजूच्या बोंडांचा वास आला. तो वास इतका दाट होता की माझ्या शेजारचा माणूस नुसत्या श्वासावर झिंगला. पुढे बसा बदलत मी मयेंला पोहोचलो. तळ्याजवळ एका घरामागची खोली महिन्याच्या बोलीवर घेतली. खोलीत दोन खाटा होत्या. "एकट्याला एक पुरे," मी घरमालकिणीला म्हटलं. ती म्हणाली, "दुसरी खंय दवरूं? राहूं दे." राहिली. रोज संध्याकाळी मी त्या रिकाम्या खाटेकडे तोंड करून दिवसभराचा हिशेब सांगत असे, आणि ती खाट घरच्या माणसांपेक्षा शांतपणे ऐकत असे.

सकाळी पदेर (पाववाला) सायकलवर भोंगा वाजवत यायचा. पहिल्या दिवशी मी एक उंडो (गोल, जाड सालीचा पाव) घेतला. "एकच?" त्याने विचारलं. दुसऱ्या दिवशीही, "एकच?" हा प्रश्न इतका मऊ आवाजात असायचा की तिसऱ्या दिवशी मी लाजेने दोन घेतले आणि दुसरा संध्याकाळी शिळा करून खाल्ला.

डिचोलीच्या बाजारात कार्डं वाटली. दुपारी एक वाजला आणि पहिलं शटर पडलं. मग दुसरं. पाच मिनिटांत अख्खा बाजार असा बंद झाला की वाटलं, शहर सोडून जायची दवंडी फक्त मलाच ऐकू आली नाही. चार वाजेपर्यंत गोव्यात कुणी कुणाचं नसतं. सगळे जेवून आडवे होतात. ते तीन तास मी काढले कसे, ते सांगतो. तळ्यावर जाऊन पायडलची बोट घेतली. बोट दोघांची असते. एकटा माणूस एका बाजूला बसला की ती एका अंगाला कलते आणि त्याच दिशेला वळत राहते. मी तळ्याच्या मधोमध अठ्ठावीस गोल चकरा मारल्या, मोजून. काठावरच्या पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात घरून फोन आला. "काय चाललंय?" बायको म्हणाली. मी म्हणालो, "बोलायला वेळ नाही, चारी बाजूंनी लोक आहेत." हे खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुंडलिक भेटला. मयेंचाच. चाळिशीचा, बारीक, कमी बोलणारा. त्याचा ट्रक आंब्याखाली उभा होता. खाणीची लाल माती त्याच्या हौद्यात अशी मुरली होती की पावसात धुतला तर तळं लाल होईल. त्याने विचारलं, "तुमी खंयचे?" आता गाडीवाल्याला आपण मोठे वाटलो पाहिजे, हा धंद्याचा नियम. मी म्हणालो, "सांगलीचा. चौदा गाड्या होत्या, विकल्या. कंटाळा आला." पुंडलिक म्हणाला, "चवदा?" आणि आपल्या एका गाडीकडे पाहिलं. मला जरा लाज वाटली, पण शब्द बाहेर पडला की परत आत कुठे जातो!

तिसऱ्या दिवशी बसने पार्सेला गेलो आणि सुलूमावशी सापडली. तिच्या बिया दरवर्षी भाच्याच्या टेम्पोतून लाटंबार्स्याच्या काजू कारखान्यात जायच्या. यंदा टेम्पो विकून भाचा आखातात गेला होता आणि पोती अंगणात अडकली होती. मावशीने मला नीरो (काजूच्या बोंडांचा गोड रस) दिला, काचेच्या कोपातून (पेल्यातून), आणि विचारलं, "तू खंयचो? कोणाचो?" इथे जवळचे वाटलो पाहिजे, म्हणून मी म्हणालो, "सावंतवाडीकडचा, मावशी. बांद्याचा."

"बांद्यात खंय?"

"पुलापलीकडे."

"पुलापलीकडे मसणवट आसा," मावशी म्हणाली. "थंय ऱ्हवतंस?"

मी हसलो. ती हसली नाही. पण गाडी हवी होती, म्हणून "उद्या हाड" (आण) म्हणाली. माझी पहिली खेप! परतीच्या बसमध्ये मी ही बातमी कंडक्टरला सांगितली, कारण दुसरं कुणी नव्हतं. तो म्हणाला, "सुटे द्या."

त्या संध्याकाळी मी पुंडलिकला शिकवणी दिली. "उद्या तुम्ही मालक नाही, फक्त ड्रायव्हर. नाव विचारलं तर राजू. गाव विचारलं तर 'डिचोलीकडे' म्हणायचं आणि पान तोंडात टाकायचं."

"हांव पान खायना," पुंडलिक म्हणाला.

सगळं ठीक होतं, पण ट्रकच्या काचेवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत 'श्री केळबाय प्रसन्न' लिहिलेलं होतं. केळबाय ही मयेंची देवी. हे वाचून कुणीही गाव ओळखणार. मी खळ आणली आणि अक्षरांवर वर्तमानपत्र चिकटवलं. पुंडलिक बघत राहिला. "बाब, हें बरें न्हय," एवढंच म्हणाला. मग चप्पल काढून वर्तमानपत्राला हात जोडले.

तर आता पुन्हा त्या अंगणात या. ट्रक उभा, मावशी पोत्यांवर, कावळे समुद्रावर.

"मावशी," मी म्हणालो, "नाव कशाला हवं? जबाबदारी माझी. ऑल इंडिया!"

"इंडियाक मिया खंय सोधूंक वचूं?" ती म्हणाली आणि खाली उतरली. ट्रकभोवती एक फेरी मारली. "रे ड्रायव्हर, तू कोणाचो?"

"हांव... राजू," पुंडलिक म्हणाला आणि मदतीसाठी माझ्याकडे बघितलं. इतका वाईट खोटं बोलणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही. त्याचे कान त्याच्या ट्रकपेक्षा लाल झाले.

"आणि ह्या कित्यां चिकटवलां?" मावशीने काचेकडे बोट केलं.

"काच तडकलीय," मी म्हणालो.

मावशीने बोंडं पाडायची काठी घेतली आणि वर्तमानपत्राच्या कडेत घालून ओढली. कागद फाटला. पिवळी अक्षरं उन्हात चमकली. मावशीने पदर डोक्यावरून घेतला आणि हात जोडले. माझ्याकडे वळली तेव्हा ओरडली नाही, त्यामुळे मी जास्त घाबरलो.

"देवीचा नाव झाकलंस?"

मी बांद्याच्या पुलाकडे, म्हणजे तिच्या मते मसणवटीकडे, पळून जायच्या बेतात होतो. पण तिचं माझ्याकडे लक्षच उरलं नव्हतं. "मयेंचो तू? मयेंत खंय?"

"तळयेकडे, मावशे," पुंडलिक म्हणाला. त्याच्या छातीवरून धोंडा उतरल्यासारखा त्याने श्वास सोडला. "नांव पुंडलिक. गाडी म्हजीच."

"तळयेकडे? वडाकडच्या घरातलो? तुझी आजी आमच्या थोरल्या बायची विहीण मरे!"

दोन मिनिटं. मी घड्याळ बघत होतो. मालकाने दिलेला मंत्र दोन मिनिटांत मोडला. आजी, विहीण, जत्रेत कुणाच्या घरी कोण जेवलं, कोण वारलं, कुणाला मुलगी झाली, सगळं त्या अंगणात पसरलं. आतून पातळभाजी आणि उंडे आले. मावशीने पुंडलिकला जनेलाजवळ (खिडकीजवळ) खुर्ची दिली. मलाही ताट दिलं, उपाशी ठेवणारी बाई नव्हे ती. पण ते मी अंगणात, पोत्यावर बसून खाल्लं. आतलं हसणं जनेलातून बाहेर येत होतं. "आणि हो सावंतवाडेचो," मावशी माझ्याबद्दल म्हणाली. पुंडलिकने वळून माझ्याकडे पाहिलं; त्याला मी सांगलीचा म्हणालो होतो.

पोती चढली. आधी मावशीने हौद्यात ताडपत्री अंथरून घेतली, लाल मातीला शिव्या घालत. निघालो. गावाच्या वेशीवर पुंडलिकने गाडी थांबवली, उतरून एका झाडाखालच्या दगडापाशी विडी पेटवून ठेवली. तो दगड म्हणजे राखणदार, गावाची सीम राखणारा. येणाऱ्याजाणाऱ्याने त्याला सांगून जायचं. "तुमीय सांगा," पुंडलिक म्हणाला. मी हात जोडले, पण काय सांगणार? त्यालाही आधी कोण, कुठला, ते सांगावं लागलं असतं. माणसांना थापा मारायला मी भीत नाही, पण दगडापुढे जीभ उचलेना.

शिवोलीचा पूल, म्हापसा, अस्नोडा. रस्ता सुंदर होता, असं आता आठवतं. पुंडलिक मधूनमधून मावशीच्या थोरल्या बायची, म्हणजे बहिणीची, एखादी गोष्ट सांगायचा आणि स्वतःच हसायचा. मी खिडकीबाहेर बघत होतो. लाटंबार्स्याच्या कारखान्याच्या फाटकावर मुनीम वही घेऊन उभा होता. त्याच्याशी आदल्या दिवशी मी फोनवर बोललो होतो आणि कंपनीचा माणूस वाटावं म्हणून बेळगावचा आहे असं सांगितलं होतं. "येयात, बेळगांवकर!" मुनीम म्हणाला.

पुंडलिकने पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

खेप पोहोचली, माझी दलालीही चोख मिळाली, तक्रार कशाचीच नव्हती. खोलीवर येऊन मी रिकाम्या खाटेला सांगितलं, "सुरुवात झाली." आणि फोन उशाशी ठेवून वाट पाहू लागलो. मावशीकडे अजून निम्मी पोती होती. आठवडा गेला. फोन बंद तर पडला नाही ना, म्हणून मी घरमालकिणीच्या फोनवरून स्वतःला फोन लावला. वाजला. उचलला. "हॅलो" म्हणालो. दोन्ही कानांना माझाच आवाज ऐकू आला.

आणखी दोन आठवडे डिचोली ते पेडणे, पेडणे ते डिचोली फिरलो. नवीन पार्टी मिळाली नाही. जो तो पहिला प्रश्न तोच विचारायचा, कोणाचो, आणि मी प्रत्येकाला नवं गाव द्यायचो. शेवटी गावं संपली. एका सकाळी पिशवी भरली. पदेराचा भोंगा वाजला, तो माझ्यासाठी थांबला. "एकच?"

"आज एकही नको," मी म्हणालो. तो सायकल ढकलत गेला. तीन आठवड्यांत माझी रोज चौकशी करणारा तो एक माणूस, आणि मी त्याचंही नाव विचारलं नव्हतं.

परतीला दोडामार्गाची बस धरली, पुढे तिलारीच्या घाटाने घर. बसमध्ये घरी काय सांगायचं ते रचत होतो. धंदा लावून दिला, आता तो आपोआप चालतो, असं काहीतरी. लाटंबार्स्याच्या स्टॉपवर बस थांबली आणि माझी थाप खिडकीबाहेर खरी होऊन उभी होती. कारखान्याच्या फाटकात पुंडलिकचा ट्रक. 'श्री केळबाय प्रसन्न', अक्षरं नव्याने रंगवलेली, अजून ओली वाटावीत इतकी पिवळी. मावशीची पोती उतरत होती. मी लावलेला धंदा छान चालला होता.

"दोन मिनिटं!" मी कंडक्टरला ओरडलो आणि उडी मारली. तो म्हणाला, "एक."

पुंडलिक हौद्यात ताडपत्री गुंडाळत होता. मला बघून हसला. राग नाही, ओशाळेपणा नाही, चांगला माणूस. मीच धापा टाकत होतो.

"पुंडलिकबाब," मी म्हणालो, "मी तीन आठवडे इथेच होतो. तळ्याजवळ, तुमच्याच गावात. वाट बघत. एक फोन तरी करायचा होता!"

त्याने ताडपत्रीची घडी गुडघ्याने दाबली, दोरी आवळली, गाठ मारली.

"कोणाक करपाचो?" तो म्हणाला.