कॉलरमावशीची टिचबटणं

भर उन्हाळ्यात कुणी नवखा माणूस त्या गावात उतरला, की त्याला पहिलं कोडं बायकांच्या गळ्यांचं पडायचं. डांबर पातळ व्हावं असं ऊन, पुरुष बनियनवर बसलेले, एखाद्दुसऱ्याच्या गळ्यात तेवढा मफलर, आणि बायका मात्र हनुवटीपर्यंत बंद! कुणाच्या मानेभोवती चुण्यांची कॉलर, कुणाची लेसची, कुणाची शर्टासारखी ताठ. बसस्टँडवरचा चहावाला मोठ्या तोऱ्यात सांगायचा, "आमच्याकडची फॅशन आहे ती. शहरवाल्यांना अजून जमलेली नाही."

ही फॅशन जिने काढली, ती बसस्टँडच्या समोरच, शिवणाच्या दोन मशिनींच्या दुकानात बसलेली असे. दुकानाची डावी बाजू तिची, उजवी तिच्या नवऱ्याची. तो घड्याळं दुरुस्त करायचा. मशिनीची खडखड आणि घड्याळांची टिकटिक यांचं इतक्या वर्षांत छान जमून गेलं होतं. गाव तिला कॉलरमावशी म्हणे. बुटकी, गोल चेहऱ्याची, तोंडात कायम चार टाचण्या. आवाज घोगरा, गंजक्या बिजागरीसारखा. टाचण्यांमुळे तसा येतो, असं लहान मुलांना वाटायचं. त्यांच्या आयांना खरं कारण माहीत होतं, पण त्या ते उच्चारत नसत.

मावशी फ्रॉक घालायच्या वयाची होती, तेव्हा एका पहाटे डोंगरामागे सूर्य उगवला होता. भलत्याच बाजूला आणि भलताच पांढरा. अंथरुणात उठून बसलेल्या ताईच्या तोंडावरचा तीळन् तीळ तिला दिसला. मग जमीन हलली, फडताळातल्या कपबश्या खुळखुळल्या, आणि थोड्या वेळाने खरा सूर्य आपल्या नेहमीच्या बाजूने, ओशाळल्यासारखा वर आला. दुपारी आभाळातून भुकटी उतरली, चाळलेल्या पिठासारखी मऊ. "कुठल्या मेल्याने चुना उडवलाय," म्हणत आईने दोरीवरचे कपडे झटकून आत घेतले. दोघी बहिणींनी त्या भुकटीत बोटांनी घरं काढली, माणसं काढली, चिमूटभर जिभेवरही ठेवून बघितली. संध्याकाळी रेडिओने सांगितलं, की डोंगरापलीकडच्या माळावर नवा बाँब फोडून पाहिला, देश बलवान झाला, कुणालाही काहीही धोका नाही.

गाईंनी गवत खाल्लं, मुलांनी दूध प्यायलं. असे भलते सूर्य मग कितीतरी उगवले, मावशीचं लग्न होऊन मूल मांडीवर येईपर्यंत. कपबश्या वाजल्या, की लोक नुसते म्हणत, "उडवला वाटतं आज."

ताई ऐन विशीत गेली. हिरड्यांतून रक्त यायचं, कुणी नुसता हात धरला तरी निळे डाग उठायचे. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा. मावशीचा दीर सैन्यात होता. असाच एक बाँब उडवताना त्याला इतर जवानांबरोबर चरात बसवून, डोळे मिटून त्यांवर हात धरायला सांगितलं होतं. मिटल्या डोळ्यांनी त्याला आपल्याच हातांची हाडं दिसली. हे तो एकदाच बोलला, भावापाशी, आणि चाळिशी गाठायच्या आतच संपला. तो भाऊ, म्हणजे मावशीचा घड्याळजी नवरा, तेव्हापासून फार विनोद करायला लागला. न करून सांगतो कुणाला?

मुलगी चालायला लागली त्या वर्षी मावशीच्या गळ्याला गाठ आली. शहरात ऑपरेशन झालं. गाठ गेली, बरोबर आवाजही गेला, आणि गळ्याच्या बुडाशी आडवा, लालसर व्रण राहिला, घट्ट बसवलेल्या हारासारखा. रस्त्यात लोक आधी गळ्याकडे बघायचे आणि मग तोंडाकडे. आठवडाभर मावशीने ते सोसलं. मग एका दुपारी उरलेल्या कापडाची कॉलर कापली आणि मागे मानेवर दोन टिचबटणं लावली, म्हणजे धुवायला काढता यावी. दाबली की टच्, ओढली की टच्.

दुसऱ्या दिवशी पोस्टमनकाकू आल्या. कॉलरीकडे बघत म्हणाल्या, "मला पण एक दे." मापासाठी पडद्याआड गेल्या, गळ्यावरचा रुमाल काढला, आणि मावशीची टेप हातातच राहिली. तोच हार. काकूंनी फक्त विचारलं, "चुण्या घालशील का गं पुढे?"

मग बायका येतच राहिल्या. लग्नाच्या मुलींकडे पाहुणे गळा बघूनच उठून जायला लागले, तेव्हा मावशीने व्रण नसलेल्या मुलींनाही कॉलरी शिवायचा सपाटा लावला. सगळ्यांचेच गळे झाकले, तर कुणाचा कसा हे कळणार कुणाला? त्या काळात हे फार मोठं काम होतं आणि मावशीला त्याचा अभिमान होता. नुसता नव्हे, चांगला टम्म फुगलेला.

तिची मुलगी मात्र कॉलरीपासून लांब होती. जन्मल्यावर तिने असा काही टाहो फोडला होता, की बाप म्हणाला, "मुलगी कुठली, भोंगा आहे हा!" ते नाव चिकटलं. मोठी होऊन ती बसस्टँडवर गाड्यांची नावं पुकारायला लागली. दिवसभर तिचा खणखणीत आवाज रस्ता ओलांडून दुकानात यायचा. गाडी कुठली याच्याशी मावशीला कर्तव्य नसे. जो आवाज तिच्या गळ्यातून गेला तो लेकीच्या गळ्यात शाबूत आहे, एवढं ऐकायला ती मशीन थांबवायची.

आणि एका दुपारी जेवायच्या सुट्टीत भोंगा दुकानात आली, स्टुलावर बसली आणि शक्य तितक्या सहजपणे म्हणाली, "आई, मला एक कॉलर शिवून दे."

मावशीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या. "इकडे ये."

"उगाच. आता सगळ्याच घालतात ना."

"इकडे ये म्हणते ना."

वाटाण्याएवढी होती. बोटाखाली सरकली.

शहरातल्या दवाखान्यात भोंगा एकदा जाऊनही आली होती, घरी न सांगता. ज्या गावांवरून बाँबचा वारा गेला असं सरकारने ठरवलं होतं, तिथल्या लोकांना तिथे लगेच तपासत. हे गाव त्यात नव्हतं. हिला सांगितलं, काही नाही, सहा महिन्यांनी या.

"आणि खरंच काही असलं, तर कापतील. तुझ्यासारखा आवाज झाला तर मी पुकारू काय? त्यापेक्षा झाकून ठेवते."

"कॉलर मिळणार नाही," मावशी म्हणाली.

"गावाला शिवलीस! मला नाही?"

"ज्यांच्या गाठी काढून झाल्या त्यांना शिवली, नाहीतर ज्यांना नव्हत्याच त्यांना. गाठ झाकायला मी कापड कापत नाही."

"मग मी रुमाल बांधीन," म्हणून भोंगा ताडताड निघून गेली. घड्याळजीने भिंग डोळ्याला तसंच ठेवून विचारलं, "ही हट्टी कुणावर गेली?" मावशीच्या हातातला दोरा सुईत जात नव्हता.

त्याच महिन्यात सरकारची समिती यायची होती. गावावरून वारा गेला होता की नव्हता, हे ती ठरवणार होती. गेला होता असं ठरलं, तर डॉक्टर गावातच येणार, दरवर्षी सगळ्यांचे गळे आणि रक्त तपासणार, आणि ज्याला गरज असेल त्याचं ऑपरेशन चांगल्या हातांनी, लगेच. भोंगाने बापाला सांगून ठेवलं होतं, "डॉक्टर इथे आले तर दाखवीन. तिकडे हात पसरायला पुन्हा जाणार नाही." म्हणजे गाठ वाढायच्या आत समितीने हो म्हणायला हवं होतं. मावशीला बाकी काही कळो न कळो, एवढं लख्ख कळत होतं.

शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. टेबलामागे अध्यक्षसाहेब, शेजारी चष्म्यातल्या डॉक्टरीणबाई, भिंतीवर नकाशा. नकाशावरची वाऱ्याची लाल रेघ गावाबाहेरच्या नदीपाशी येऊन थबकली होती. गवळी बोलला, चहावाला बोलला. दोघेही रागावले आणि रागाच्या भरात गाईंवरून एकमेकांशीच भांडले.

अध्यक्ष माणूस सभ्य होता. "तुमच्या भावना मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण नकाशा नदीपाशी थांबतो. आणि खरं सांगू का, आजारी गावं मी खूप पाहिली आहेत. इथे समोर बघतो, तर सगळ्या भगिनी कशा छान, टापटीप, ठणठणीत दिसतात."

मावशीने मान वळवून पाहिलं. रांगेमागून रांग. चुण्या, लेस, ताठ इस्त्री. सगळं तिच्या हातचं. इतक्या सफाईने शिवलेलं, की आतलं कुणाला दिसूच नये.

ती उठली. "आधी टाचण्या काढ तोंडातल्या," नवरा पुटपुटला.

"साहेब," ती म्हणाली, "नदी ओलांडायला वाऱ्याला पूल लागत नाही."

मागे खसखस पिकली. अध्यक्षांनी कानामागे हात धरला. "बाई, जरा मोठ्याने बोला."

"मोठ्याने येत नाही. का येत नाही ते दाखवते." तिने हात मागे नेला. टच्. टच्. कॉलर टेबलावर, नकाशा दाखवायच्या काठीशेजारी ठेवली आणि हनुवटी वर केली. कॉलर शिवल्यापासून नवऱ्याखेरीज कुणीही न पाहिलेला तो हार हॉलच्या उजेडात आला.

पंखे तेवढे फिरत होते. मावशीला उघड्या गळ्यावर वारा लागला आणि क्षणभर वाटलं, संपलं, आपण एकट्याच पडलो.

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला. त्याला माईक लागत नव्हता.

"आई, थांब. मी पण येते."

भोंगा मधल्या वाटेने सरळ टेबलापाशी आली आणि गळ्यावरचा रुमाल तिने ओढून काढला. "माझं अजून कापलेलं नाही. गाठ आहे. पाच मिनिटांवर गाडी आहे माझी, तेव्हा आत्ताच हात लावून बघा. आणि तुमच्या नकाशात ही कुठे बसते ते सांगा."

डॉक्टरीणबाई उठून टेबलाला वळसा घालून आल्या. दोन बोटांनी त्यांनी हळूच चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि अध्यक्षांकडे वळून बघितलं.

आणि मग आवाज सुरू झाला. टच्. आधी पोस्टमनकाकू. टच्, टच्. खिडकीपाशी, भिंतीपाशी, बाकांच्या मधून. टच्, टच्, टच्. तव्यावर लाह्या फुटाव्यात तशी टिचबटणं सुटत गेली, आणि एकीमागून एकीच्या कॉलरीखाली तोच आडवा हार. कुणाचा जुना पांढरा, कुणाचा अजून गुलाबी. पुरुषांनी मफलर काढले. चहावाल्याच्या मफलरखाली काय होतं हे त्याच्या बायकोलाही पुरतं ठाऊक नव्हतं. "मेल्या, बोलला का नाहीस?" ती भर सभेत ओरडली.

गावातली सर्वांत उंच, सर्वांत कडक कॉलर शाळेच्या हेडबाईंची. त्या उभ्या राहिल्या तशा सगळ्या माना तिकडे वळल्या. त्यांनी बटणं काढली. गळा स्वच्छ. कुठे ओरखडासुद्धा नाही.

"माझ्याकडे असे बघू नका," त्या म्हणाल्या. "मला काही झालेलं नाही. वर्गातल्या मुलींना एकटं वाटू नये म्हणून घालत होते. इतकी वर्षं! घामोळ्यांनी जीव नकोसा झाला होता माझा!"

हॉल आधी हसला, मग रडला, मग दोन्ही एकदम करू लागला. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि भिंतीवरच्या नकाशाकडे पाठ करून बसले. सभा संपेपर्यंत ते तिकडे वळले नाहीत.

निकाल रेडिओवर आला, धोका नाही म्हणणाऱ्या त्याच रेडिओवर. नदीपलीकडचं हे गाव आणि त्याच्या आजूबाजूची सगळी वस्ती बाधित भागात घेतली होती. पाच मिनिटांनी बसस्टँडचा कर्णा खरखरला. भोंगाने गाडी सोडून ही बातमीच पुकारली, तीही दोनदा. शहराकडे जाणारी गाडी त्या दिवशी उशिरा सुटली, पण तक्रार करायला गाडीत कुणी बसलेलंच नव्हतं. सगळे रस्त्यावर उभे होते, गळे उघडे टाकून.

डॉक्टर शाळेच्या हॉलमध्ये येऊ लागले. चहावाल्याला उशीर झाला होता. तो वर्षही काढू शकला नाही, आणि त्याच्या टपरीपुढून जाताना लोक अजून पावलं आखडतात. पण कितीतरी जणांच्या गाठी वाटाण्याएवढ्या असतानाच सापडल्या. भोंगाची त्यातलीच. ऑपरेशन त्याच डॉक्टरीणबाईंच्या माणसांनी केलं. गाठ निघाली. आवाजाचं मात्र ते म्हणाले, वाट बघा.

बसस्टँडवर एक मेंगळट मुलगा गाड्या पुकारू लागला. त्याचा आवाज आला की मावशी मुद्दाम मशीन जोरात चालवायची. भोंगा घरी पाटीवर लिहून बोलायची आणि बाप तिला म्हणायचा, "अक्षर सुधारतंय हो तुझं." मावशीने मात्र तिच्यासाठी नवा ड्रेस शिवला. पिवळा, आणि गळा चांगला रुंद, गोल.

एका सकाळी ती तो ड्रेस घालून, पाटी घरीच ठेवून बाहेर पडली. मावशी बाही जोडत होती. समोर कर्णा खरखरला. मेंगळट आवाज येणार म्हणून तिने पाय मशिनीच्या पायट्यावर दाबला, आणि दाबलेला तसाच राहिला.

"लक्ष द्या." आवाज कडांना जरासा विरला होता. मग खोकून मोकळा झाला, चढला, आणि जुन्या तोऱ्यात रस्ताभर पसरला. "शहराकडे जाणारी गाडी सुटत आहे. समोरच्या दुकानातल्या मावशींनीही लक्ष द्यावं. त्यांचा भोंगा आजपासून कामावर रुजू झालेला आहे."

मावशीने टाचण्या थुंकल्या आणि दारात धावली. हात हलवत तिने काहीतरी ओरडून सांगितलं. तिचं ओरडणं रस्त्याच्या अर्ध्यातही पोचलं नसेल, पण भोंगाने बसस्टँडच्या खिडकीतून हात वर केला.

दुकानात घड्याळजी खुर्चीवरून उठला. टेबलापासून भिंतीपर्यंत एकेका घड्याळाची किल्ली फिरवत, काटे ओढत तो गेला. वेळ बाराची नव्हती, एकाचीही नव्हती. तरी दुकानातली होती नव्हती तेवढी सगळी घड्याळं एकदम वाजायला लागली.