तिवरांत गेलेलं शेत

पार्वतीबाईंना त्यांच्या शेताबद्दल विचारू नये, आणि विचारलंच तर मग घड्याळाकडे बघू नये. भिवंडीच्या खाडीकाठचं त्यांचं गाव. मागून गोडाऊनं सरकत येत होती. हायवेवरच्या वडप्याला सुरू झालेली त्यांची रांग बघता बघता गावाच्या मैदानापर्यंत पोचली. पुढे खाडी. या दोहोंच्या मध्ये बाईंचं सव्वा एकर शेत. बांध घालून खाडीचं पाणी अडवायचं, पावसानं जमिनीतलं मीठ धुऊन काढलं की मोड आणलेलं भात मुठीमुठीनं फेकायचं. नांगर नाही, लावणी नाही. तांदूळ लालबुंद, त्याला म्हणायचे राता. "आमच्या भाकरीला मीठ टाकायला लागत न्हाय," असं बाई सांगायच्या. शुद्ध थाप! पण अशा ठसक्यात सांगायच्या की ऐकणारा मान डोलवायचा.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी आणि केसरीनाथनं, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, बांधाच्या बाहेरच्या अंगाला, खाऱ्या चिखलात, तिवरांची रोपं लावली होती. लाट आधी तिवरांवर आपटते, बांध वाचतो, हे खाडीकाठी लहान पोरालाही ठाऊक असतं. बाई चिखलात गुडघाभर रुतल्या आणि केसरीनाथ खो खो हसत सुटला. बाईंनी चिखलाचा गोळा उचलून नेमका त्याच्या तोंडावर मारला. तो माणूस जाऊन आता बारा वर्षं झाली, पण हा चिखलाचा गोळा सांगताना बाईंचा चेहरा अजून उजळतो.

दोन हजार पाचच्या जुलैतल्या त्या पुरात बांध फुटला. बांध सगळ्या गावाचा मिळून एक. पूर्वी घरटी एक माणूस दुरुस्तीला यायचा, न येणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. या खेपेला कुणी फिरकलंच नाही. निम्म्यांच्या जमिनी गोडाऊनवाल्यांनी घेतलेल्या, उरलेले गिऱ्हाईकाची वाट बघत बसलेले. बाई आणि शेजारची ठकुबाई, दोघीच चार दिवस पाट्यांनी माती ओढत राहिल्या. पौर्णिमेच्या भरतीनं ती एका दमात नेली.

मग खारं पाणी आत येऊन बसलं आणि त्याबरोबर तिवरांच्या बिया आल्या. त्याच, बाहेरच्या तिवरांच्या. तीन वर्षांत शेतात डोक्याएवढं बन झालं.

बाईंनी राताचं बियाणं मात्र मडक्यात जपून ठेवलं होतं. बांध पुन्हा होईल, शेत पुन्हा पिकेल, निदान एकदा तरी, ही त्यांची आस. दर ज्येष्ठात त्या मूठभर दाणे भिजवून ओल्या फडक्यात बांधायच्या, बियाण्यात जीव आहे का बघायला. पहिल्या वर्षी जवळजवळ सगळ्यांना मोड आले. दुसऱ्या वर्षी निम्म्यांना.

आणि अशात बातमी आली की सरकार आजूबाजूच्या गावांचा आराखडा करतंय. कुठे गोडाऊन, कुठे घरं, कुठे शेती, ते नकाशावर ठरणार. गावात एकच धावपळ उडाली. शेजारच्या शेताचा मालक, भाविक नावाचा, त्यानं रातोरात आपल्या शेतातली तिवरं जाळून डंपरनं भराव टाकला. वर बाईंना म्हणाला, "काकी, तुमच्याकडं पण पाठवू काय डंपर? दोन दिवसांचं काम हाय."

बाईंचा मुलगा मितेश पडघ्याला एका गोडाऊनमध्ये ड्युटी करायचा. तो म्हणाला, "आई, हो म्हण. नायतर हातचं जाईल."

"भरावावर भात उगवतं काय रं?" बाईंनी विचारलं. डंपर काही त्यांनी येऊ दिला नाही.

आराखड्याच्या पाहणीला सरकारकडून मृणाली नावाची मुलगी आली. चिखलात बूट रुतत होते तरी तक्रार नाही, बाईंना ती तिथेच आवडली. "मावशी, ही तिवरं आपोआप आली का?" तिनं विचारलं.

आता इथे बाईंनी घोळ घातला. त्यांच्या डोक्यात सरळ हिशेब: अंगणात आपण जांभूळ लावलं तर ते तोडायला कुणाची परवानगी लागते? लावणाऱ्याचं झाड. म्हणजे तिवरं आपली ठरली की काढायचा हक्कही आपला, आणि मग शेत मोकळं.

"आपोआप कशी येतील बाय?" बाई छाती काढून म्हणाल्या. "ती भाईरची मी आन् माज्या मालकानं लावली. आतली त्यांचीच पिलावळ. समदी माजी हायेत. चल, दावते." आणि त्या बिचारीला हाताला धरून त्यांनी पार शेवटच्या कोपऱ्यापर्यंत नेलं, एकेक तिवर दाखवलं.

मृणालीनं सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, तिवरं तोडायला कोर्टाची बंदी आहे. कुणीही लावलेली असोत. हे मला आहे तसंच लिहावं लागेल."

"लिव्ह की," बाई म्हणाल्या. 'कुणीही' या शब्दात आपणही येतो, हे त्यांच्या मनालाच शिवलं नाही. सही केली ती सुद्धा वळणदार.

उन्हाळ्यात नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. ही झुंबड! मितेशनं गर्दीतून वाट काढून एका तुकड्यावर बोट ठेवलं. भाविकचा तुकडा जांभळा होता, गोडाऊनचा. बाईंचा हिरवागार.

"हिरवा हाय!" बाई केवढ्यानं ओरडल्या. "म्हंजी शेत दावलंय आपलं!"

"आई," मितेश हळूच म्हणाला, "तो तिवरांचा हिरवा हाय. आता तिथं कोन कायच करनार न्हाय. बांध पन न्हाय."

"आन् भाताचा हिरवा कंचा?"

मितेशनं कडेच्या खुणा वाचल्या. भाताचा हिरवा फिकट होता, आणि तो खाडीपासून लांब, दुसऱ्याच गावांवर होता. बाईंनी मान हलवली आणि घराकडे चालू लागल्या. वाटेत ठकुबाईनं हाक मारली, तीही त्यांनी ऐकली नाही.

ज्येष्ठात त्यांनी सवयीनं मूठभर दाणे भिजवले. चौथ्या दिवशी फडकं सोडलं तर नऊच दाण्यांना मोड. बाईंना असा राग आला, असा राग आला, की ते नऊ दाणे त्यांनी कोंबड्यांपुढे फेकले. मग मडकं खाली घेतलं, सगळं बियाणं उखळात ओतलं आणि दात आवळून कांडत बसल्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या पुसायलाही थांबल्या नाहीत.

संध्याकाळी मितेश शिफ्ट संपवून आला. ताटात निवट्यांचं कालवण होतं. हे मासे तिवरांच्या चिखलातच मिळतात, आणि त्या साली खूप मिळत होते. सोबत गरम भाकरी. मितेशनं दोन घास खाल्ले, तिसऱ्याला भाकरी दिव्याखाली धरली. लाल होती.

"आई, हे तर बियाणं..."

"मीठ टाकलं न्हाय," बाई म्हणाल्या, आणि दुसरी भाकरी त्याच्या ताटात ठेवली. "बघ बरं, लागतंय का?"